पडवीतले दोन पिंजरे

पुणे-सातारा रस्त्यावर चेलाडीच्या फाट्याला एस.टी. उजवीकडे वळली, की नसरापूर लागते. बनेश्वराची दाट झाडी मागे टाकून गाडी आंबवणे, मार्गासनी, विंझर अशी पश्चिमेला निघते. डाव्या हाताला राजगड दिसू लागतो, आणि पुढे थेट समोर तोरणा. पुणे जिल्ह्यातला हा सर्वांत उंच गड, चौदाशे मीटरचा. या तालुक्याला सारे वेल्हे म्हणत आले. २०२४ साली शासनाने त्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय घेतला, पण एस.टी.त बसलेली म्हातारी माणसे अजून वेल्ह्याचेच तिकीट मागतात.

खाचरात भात, वरकसावर नाचणी आणि वरी, परड्यात चार कोंबड्या, गोठ्यात दोन जनावरे, असा इथला संसार. घराला पुढे पडवी असते आणि पडवीच्या आढ्याला पूर्वीपासून एक पिंजरा टांगलेला असे. त्यात मिठू. पाहुणा आला की "या, बसा" म्हणणारा. गेल्या काही वर्षांत या पिंजऱ्याशेजारी दुसरा पिंजरा आलेला दिसतो. त्यात चिमणीएवढे रंगीत पोपट असतात, पिवळे, निळे, हिरवे, पांढरे. पुण्याला कामाला गेलेला मुलगा सणाला येताना भावंडांसाठी घेऊन येतो, नाहीतर बाजारात कोणी सायकलवर विकायला आणतो. गावात त्यांना सरसकट 'लव्हबर्ड' म्हणतात.

या दोन पिंजऱ्यांविषयीच आज सांगायचे आहे.

विंझरच्या पुढे एका वस्तीवर भाताच्या लावणीची पाहणी करायला गेलो होतो. पाऊस धरला म्हणून एका घरी टेकलो. घरातल्या आजींनी चहा ठेवला. पडवीत मोठा मिठू, आणि त्याच्या पिंजऱ्याला अगदी खेटून छोट्यांचा पिंजरा. छोटे चार होते. त्यांतला एक कोपऱ्यात फुगून बसला होता आणि त्याच्या पायाला चिंधी बांधलेली होती.

"साहेब, ह्या मिठूनं त्येचं बोट तोडलं बघा," आजी म्हणाल्या. "एरवी गुणाचा हाय. माझ्या नातवाच्या आधीपासून घरात हाय. पोराला वाटलं दोघांची मैत्री हुईल, म्हून त्येनं पिंजरं जवळ बांधलं."

मैत्री व्हावी असे पोराला वाटले, यात त्याचा दोष नाही. दोन्ही पोपटच दिसतात. वाकडी चोच, पायाची दोन बोटे पुढे आणि दोन मागे, चोचीने गज धरून चढायची सवय, सारे सारखे. पण घरात खोंड आणि करडू दोन्ही असली म्हणून आपण ती एका दाव्याला बांधत नाही. चिमुकल्याचे वजन तीस ते चाळीस ग्रॅम. आपला कंठवाला मिठू सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. आणि खांद्यावर तांबडा डाग असलेला मोठा पहाडी पोपट असेल, तर दोनशे ग्रॅमच्या पुढे. मिठूची चोच भुईमुगाची शेंग सहज फोडते. लहान पक्षी स्वभावाने धीट असतो, शेजारच्या पिंजऱ्याची तार दिसली की तो तिलाच लटकतो. आतून मोठ्याने एकदा चावले की बोट गेले. बोट जाण्यापेक्षा भय रक्ताचे असते. या पाखराच्या अंगात सगळे मिळून तीन-साडेतीन मिलिलिटर रक्त असते, चहाचा चमचाही भरणार नाही एवढे. दहा-पंधरा थेंब गेले तरी ते धोक्यात येते. अशा वेळी स्वच्छ फडक्याने जखम हलक्या हाताने दाबून धरावी, पाखराला खोक्यात काळोखात आणि उबेत ठेवावे आणि सरळ पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. हळद, चुना, तंबाखू यांतले काही लावू नये. चिंधीही घट्ट बांधू नये, पुढचा पाय सुकतो. आजींच्या पाखराची चिंधी सोडवून घेतली; तेवढ्यावर त्याने पाय टेकला.

एका पिंजऱ्यात ठेवायचा तर प्रश्नच नाही. पण पिंजरे वेगळे असूनही हे घडते, म्हणून दोहोंत निदान दोन हातांचे अंतर हवे. मोठ्याचा पिंजरा छोट्यांच्या वर टांगू नये, कारण वरची घाण खालच्यांच्या दाण्यापाण्यात पडते. मोकळे सोडायचे असतील तर एका वेळी एकालाच सोडावे. आणि घरात मांजर असेल, तर हे सगळे शास्त्र तिला आधी समजावून सांगावे लागेल!

आता नावाचा घोळ. गावात ज्याला लव्हबर्ड म्हणतात ते बहुतेक वेळा बजरीगर असते. ते मूळचे ऑस्ट्रेलियाचे. तिथल्या रखरखीत माळावर त्यांचे हजारोंचे थवे पाण्याच्या मागे फिरतात आणि गवताचे बी खातात. जॉन गूल्ड नावाच्या पक्षितज्ज्ञाने १८४० साली ते इंग्लंडला नेले आणि तिथून ते जगभर घरोघर पोचले. रानातले सगळे हिरवे-पिवळे असतात. निळे, पांढरे हे माणसाने पिंजऱ्यात निपजवलेले रंग. नर-मादी ओळखायची तर चोचीच्या वरची मांसल पट्टी पाहावी. मोठ्या नराची निळी, मादीची तपकिरी. पांढऱ्या-पिवळ्या जातींत मात्र ही खूण फसवते.

खरा लव्हबर्ड निराळा. तो आफ्रिकेचा, आखूड शेपटीचा, जाड चोचीचा आणि नावाच्या अगदी उलट भांडकुदळ. जोडीतले प्रेम जोडीपुरते. दुसरा कोणी दिसला की आधी त्याच्या पायावर चोच. नावावर विसंबून दोन्ही एका पिंजऱ्यात टाकली, तर सकाळी एक पाखरू लंगडे सापडते.

पानशेतच्या बाजूला शहरातल्या लोकांची फार्महाऊसे झाली आहेत. मालक शनिवार-रविवारी येतात, राखण करायला आपल्याच गावातला एखादा तरुण असतो. अशा एका ठिकाणी भला मोठा जाळीचा पक्षीघर पाहिला. बजरीगर, तुरेवाले कॉकटील, आफ्रिकेचे लव्हबर्ड आणि केशरी रंगाचे कन्युअर सगळे एकत्र. राखणदार पोरगा हुशार होता. त्याने महिनाभर पाहून मालकाला सांगितले, "दादा, तुरेवाले आणि बारके एकमेकांना काही करत नाहीत. बाकीच्यांना दुसरीकडे हलवा." त्याचे निरीक्षण बरोबर होते. कॉकटील वजनाने बजरीगरच्या अडीच-तीनपट भरते, पण तेही ऑस्ट्रेलियाचे, दाणे टिपणारे आणि शांत स्वभावाचे. जागा ऐसपैस असेल, दाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी असतील, तर ही दोघे बहुधा नांदतात. कन्युअर मात्र लहानांच्या घरट्याच्या मडक्यात शिरतात आणि पिल्ले फाडतात. मालकाने पुढे मध्ये दुहेरी जाळी घातली, दोन जाळ्यांत चार बोटांची फट ठेवून. एकेरी जाळी असती तर बोटे पुन्हा तुटलीच असती. नवी जस्ताची जाळी लावली की ती व्हिनेगरने घासून धुऊन घ्यावी, कारण पक्षी तार चघळतात आणि जस्त पोटात जाऊन मरतात.

वेल्ह्यातला शेतकरी ही पाखरे पाळणार असेल, तर दाण्यासाठी त्याला शहरात जायला नको. बजरीगरचे खाणे म्हणजे बारीक तृणधान्य: बाजरी, राळा, वरी, नाचणी. वरी मात्र तुसासकट द्यावी, सडून भगर केलेली नको. पाखराला दाणा सोलायचे काम हवे असते. नाचणीचे एखादे सुके कणीस पिंजऱ्यात टांगले, तर चार पाखरे त्याच्यावर अर्धा दिवस रमतात. जोडीला मेथी, कोथिंबीर, शेवग्याचा पाला धुऊन द्यावा. चुन्यासाठी समुद्रफेस काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो. तो नसेल तर अंड्याचे टरफल उकळून, वाळवून, भरडून ठेवावे.

एक गोष्ट पुष्कळ घरांत चुकते. ही पाखरे दाणा सोलून टरफल त्याच वाटीत टाकतात. वाटी भरलेली दिसते, घरातला माणूस म्हणतो, कालचेच आहे अजून. आत दाणा एकही नसतो. एवढेसे पाखरू उपाशी दोन दिवससुद्धा काढू शकत नाही. म्हणून रोज सकाळी वाटी फुंकून पाहावी, टरफले उडवून खाली किती उरले ते बघावे. दाणे पाखडायला आपल्या बायाबापड्यांना शिकवायला नको.

मिठूचे खाणे वेगळे. त्याला पेरू, पपई, गाजर, भिजवलेले हरभरे, मक्याचे कोवळे कणीस, हिरवी मिरचीही चालते. मिरचीचा तिखटपणा पक्ष्याच्या जिभेला लागत नाही, त्यामुळे "आमचा मिठू केवढा तिखट खातो" हे कौतुक फुकटचे आहे. पण आपल्याकडे त्याला चहात बुडवलेली चपाती, फरसाण आणि ओंजळभर शेंगदाणे देतात. शेंगदाणे आणि सूर्यफूल यांच्या तेलाने पिंजऱ्यातला पक्षी चरबीने फुगतो, यकृत बिघडते. पावसाळ्यात या भागात हवा इतकी दमट असते, की मका आणि शेंगदाण्याला बुरशी धरायला वेळ लागत नाही. असला दाणा ना पाखराला द्यावा, ना कोंबडीला.

आमच्या खात्याशी संबंध असलेली एक गोष्ट तर बजावूनच सांगतो. पेरणी झाल्यावर पिशवीच्या तळाशी बियाणे उरते. मका, बाजरी, ज्वारी. ते गुलाबी-तांबडे दिसते, कारण त्याला थायरमसारखे बुरशीनाशक, कधी कीटकनाशकही चोळलेले असते. "वाया कशाला घालवायचे" म्हणून ते पाखरांना घालू नये. धुऊनही घालू नये. बसायच्या काठीसाठी पेरू, कडुनिंब, बाभूळ यांची फांदी चांगली. कण्हेर आणि रुई विषारी, त्यांची नको. आणि पिंजरा चुलीजवळ टांगू नये. ऊब मिळते हे खरे, पण पक्ष्याची छाती धुराला फार नाजूक. नॉनस्टिक तवा कोरडा तापून धुरला, तर त्या वासाने पाखरे मरतात. माणसाला खोकलाही आलेला नसतो.

परड्यातल्या कोंबड्यांचाही विचार करायला हवा. राणीखेत पोपटांना होतो आणि पोपटांकडून कोंबड्यांनाही जातो. नवे पाखरू आणले, मग ते कितीही देखणे असो, निदान महिनाभर निराळ्या खोलीत ठेवावे, त्याचे दाणेपाणी शेवटी करावे आणि हात धुवावे. पोपटांच्या विष्ठेच्या धुळीतून माणसाला एक प्रकारचा ताप आणि खोकला होतो, तो छातीत उतरतो. घरात असा ताप आला, तर डॉक्टरांना "आमच्याकडे पोपट आहेत" हे आपण होऊन सांगावे. ते कळले की औषध लवकर ठरते.

आता आजींच्या मिठूकडे येतो, कारण खरा पेच तिथे आहे. बजरीगर परदेशी आणि पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यात वाढलेले. ते पाळायला कायद्याची आडकाठी नाही, नोंदणीही लागत नाही. आफ्रिकेचा राखी पोपट किंवा मकाव यांच्यासारख्या काही परदेशी जातींची मात्र शासनाकडे नोंद करावी लागते. पण आपला मिठू हा या मातीतला रानपक्षी आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिले आहे. देशी पक्ष्यांच्या खरेदी-विक्रीवर १९९०-९१ पासून बंदी आहे. तो पकडणे, विकणे, विकत घेणे, घरात डांबणे, हे सारे गुन्हे. २०२२च्या दुरुस्तीने दंडाची रक्कमही वाढली. गंमत अशी, की लोकांना उलटेच वाटते. परक्या पाखराला परवाना लागत असेल आणि आपला मिठू तर काय, आपलाच!

हे आजींना सांगितले तेव्हा त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "मग सोडून देऊ का उद्या? गडावर न्हेऊन सोडते. पुन्य लागंल."

सोडू नका, असेच मी म्हणालो. पंधरा वर्षे पिंजऱ्यात काढलेल्या पाखराच्या पंखांत बळ नसते. कोणते फळ कोठे पिकते, शिक्रा कोणत्या बाजूने येतो, रात्री कोणत्या झाडावर थव्यात बसायचे, हे त्याला कोणी शिकवलेले नसते. माणूस दिसला की तो घाबरून उडण्याऐवजी "मिठू मिठू" करत जवळ जातो. असे सोडणे म्हणजे त्याला शिक्र्याच्या नाहीतर कावळ्यांच्या ताब्यात देणे. रस्ता एकच, वनखात्याला कळवणे. १९२६ या क्रमांकावर फोन करता येतो, किंवा तालुक्याच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन सांगता येते. मग पक्षी उपचार केंद्रात नेतात, तिथे डॉक्टर पंख-पाय तपासतात, मोठ्या जाळीघरात इतर पोपटांबरोबर ठेवून उडायचा सराव देतात, आणि जो रानात टिकेल त्यालाच सोडतात. ज्याला जमणार नाही त्याला तिथेच सांभाळतात.

आजींचा निर्णय व्हायला चार महिने लागले. सुनेने समजावले, नातवाने समजावले. दिवाळीनंतर त्यांनीच मला निरोप धाडला. वनरक्षक आला तेव्हा त्यांनी भिजवलेल्या हरभऱ्यांची पुडी त्याच्या हातात दिली आणि मिठूला रात्री पिंजऱ्यावर फडके घालावे लागते, हे दोनदा सांगितले. वनरक्षकही समंजस निघाला. त्याने ते लिहून घेतले. त्या घरात आता छोट्यांचाच पिंजरा आहे. बोट तुटलेले पाखरू तीन बोटांवर चांगले चढते.

वेल्ह्याहून भोरला जायचे तर पुन्हा महामार्गाला यायचे आणि कापूरहोळवरून आत शिरायचे. वाटेत भाटघरचे धरण, १९२८ साली पुरे झालेले. भोर पंतसचिवांची राजधानी. राजवाडा अजून दिमाखाने उभा आहे. गाव सोडून वरंधा घाटाच्या अंगाने हिर्डोशीच्या खोऱ्याकडे निघालो, की ज्यांना आपण पिंजऱ्यात ओळखतो ते पोपट मोकळे भेटतात. माघ-फाल्गुनात काटेसावर फुलते, पळस, पांगारा फुलतो. तेव्हा टुई पोपटांचे थवे फुलांवर तुटून पडतात. नराचे डोके पिकल्या जांभळीसारखे, अंग हिरवे, शेपटीला पांढरे टोक. बाणासारखे सुटतात आणि "टुई, टुई" असा आवाज मागे राहतो.

हाच त्यांचा विणीचा हंगाम. पोपट घरटे विणत नाही. जुन्या झाडाची ढोली, सुताराने किंवा तांबटाने कोरलेले भोक, यातच त्याचा संसार. मिठूची मादी चार ते सहा अंडी घालते, तीनेक आठवड्यांत पिल्ले निघतात आणि सहा-सात आठवडे ती ढोलीतच वाढतात. या सहा-सात आठवड्यांत चोर येतो. ढोलीचे तोंड कोयत्याने मोठे करतो, पंख न फुटलेली पिल्ले पोत्यात भरतो. निम्मी वाटेतच मरतात. आणि फोडलेल्या ढोलीत पुढच्या साली पोपट बसत नाही, पिंगळा नाही, साळुंकी नाही. पिल्ले एकदाच गेली, जागा मात्र कायमची गेली. पडवीतल्या एका मिठूची खरी किंमत ही आहे, विकणाऱ्याने शेदोनशे काहीही घेतलेले असोत.

या भागातल्या जुन्या झाडांचा आधार म्हणजे देवराया. डॉ. माधव गाडगीळ आणि डॉ. वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला. देवाच्या धाकाने जिथे कुऱ्हाड चालत नाही, तिथे घेरदार बुंधे टिकतात आणि ढोल्याही. बांधावरचे आंबे, उंबर, सावरी मात्र भराभर चालल्या. सावरीच्या मऊ लाकडाला खोक्यांसाठी गिऱ्हाईक असते. एखादी फांदी वाळली की आपण "झाड मेले" म्हणून सारेच तोडतो. पण वाळलेल्या फांदीतच ढोली पडते.

शेतकऱ्याचे दुसरे म्हणणेही मला ठाऊक आहे. ज्वारी चिकात आली, मका भरला, पेरू पिकला, की हेच पोपट खातात थोडे आणि नासतात फार. खोटे नाही. भोरच्या पूर्व पट्ट्यात ज्वारीवर गोफण घेऊन बसलेली माणसे मी दरसाल पाहतो. चमकणाऱ्या फिती कणसांच्या वर हातभर उंच आणि पिळा देऊन बांधल्या, की काही दिवस उपयोग होतो. पाखरे सरावली की जागा बदलावी. पेरूच्या झाडाला जाळे टाकता येते, पण ते ताणून बांधावे, नाहीतर पोपट त्यात गुंतून मरतात. पाखरे येतात ती बहुधा पहाटे आणि ऊन कलल्यावर, तेव्हा राखणही त्याच वेळी हवी. दुपारी मचाणावर बसून काही होत नाही, डुलकी मात्र चांगली लागते.

हिर्डोशीच्या अलीकडे एका बांधावर अर्धी वाळलेली सावर आहे. गेल्या फाल्गुनात तिच्यात तीन भोके होती. एका भोकात टुईची जोडी, एकात तांबट, आणि सगळ्यांत खालच्या मोठ्या ढोलीत पिंगळा दिवसा डोळे मिटून बसलेला. शेतमालकाला मी विचारले, ही ठेवली कशी? तो म्हणाला, "तोडायलाच आणली व्हती माणसं. वरून पाखरानं डोकं बाहेर काढलं, म्हून माघारी धाडली. आता पाऊस झाल्यावर बघू." पाऊस होऊन गेला. सावर अजून उभी आहे, आणि मालकाने तिच्या बुंध्याशी वरीच्या उडव्या रचल्या आहेत.